कायलाप पडायचा दिवस

जुळे सोलापूर
१ जून २०२५

ती. केराआक्कास,
सयाजीचा दंडवत.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फ्लॅटमध्ये ओरडता येत नाही. मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" म्हटलं तर तू "मेथी दोन जुड्या" म्हणालीस, आणि ही पोट धरून हसली. म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. आता रिटायर माणसाला दुसरं काम तरी काय?

तर काम असं. इथल्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत "त्या दिवशीची बातमी" असं सदर येतं. जुनी एखादी बातमी घ्यायची आणि त्या दिवशी आपल्याकडं काय गंमत झाली ते लिहायचं. हास्य क्लबातल्या मंडळींनी मला भरीला घातलंय. मी बातमी निवडली एकोणऐंशी सालच्या जुलैमधली. अमेरिकेनं आकाशात सोडलेली स्कायलॅब कोसळणार, कुठं पडेल सांगता येत नाही, ती बातमी. आपल्या तरसवाडीत तिचा झाला "कायलाप". आठवतं का? "कायलाप पडणार, दुनिया बुडणार."

मी तेव्हा बारा वर्षांचा. मला आठवतं ते असं: उद्या कोण बघितलाय म्हणून घरोघरी बोकडं, कोंबडी पडली. आपल्या अण्णांनी तर जिवापाड जपलेला एडका कापला. गुरप्पाकाका डोक्यावर घंगाळ घालून ज्वारीच्या पेवात उतरला आणि अडकला. शेजारच्या बजाबाईनं असतील नसतील ती लुगडी एकावर एक नेसली, म्हणजे मागं काही राहायला नको. आणि दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी उन्हं वर आल्यावर उठली, कारण आरवायला कोंबडाच शिल्लक नव्हता!

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तुझं लग्न. तेही त्याच दिवशी. मी मटण खाऊन पेंगत होतो, कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता म्हणून जोंधळे दिले, एवढंच आठवतं. ते कसं जमलं, कुणी जमवलं, सविस्तर कळव. लेखाचा शेवट त्यावरच करायचा विचार आहे. तेरा जुलैच्या रविवारी छापणार आहेत.

धनाजीला आशीर्वाद. त्याची पायल बारावीत गेली ना?

तुझा,
सयाजी

•

खडकेवस्ती, ता. माळशिरस
६ जून

चि. सयाजीस आक्काचा आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. लई वरसांनी माज्या नावानं पत्र आलं. पोस्टमनला खरं वाटंना, त्यो म्हणला, केराबाई म्हंजे कोण? माजं अक्षर बघून हसू नको. नववीपातूर शिकले, मग पेन धरायची येळच आली न्हाय.

तू लिवलंस ते सगळं खरं हाय. गुरप्पाकाकाला दोर लावून वर काडला तवा तो वरडत व्हता, "मी मेलो का जित्ता हाय ते आदी सांगा की." बजाबाई तर लुगड्यांनी एवडी फुगली की तिला दारातनं आत जाता येईना, रातभर अंगणात बसली.

माज्या लग्नाचं असं झालं. गुरुजींनी चावडीवर पेपर वाचून दावला. त्यांनी सांगितलं, घाबरू नका, कुटं तरी समुद्रात पडंल. पण अण्णांनी फकस्त "पडंल" एवडंच ऐकलं. ते घरी येऊन म्हणले, घरात बिनलग्नाची पोर ठेवून मरलो तर वर जाऊन काय जबाब देऊ? त्या दिवशी गुंडा, म्हंजे हे, मेंढरं बघायला आपल्या वाडीत आलते. लोक मिळंल त्या भावात मेंढरं इकत व्हते म्हणून. अण्णांनी त्यांना जेवायला बशिवलं आन इचारलं, "लगीन झालंय का?" हे म्हणले, न्हाय. भटजी म्हणला, चातुर्मास लागलाय, लगीन लागत न्हाय. अण्णा म्हणले, "उद्या सूर्यच न्हाय तर मुहूर्त कसला बघतो?" झालं.

एक गोष्ट तुला म्हाईत नसंल. यांना बी मी नको व्हते. मागनं ते सगळ्यांना सांगायचे, "मला वाटलं दुनिया बुडतीया, एका रातीचा तर सवाल हाय, कशाला म्हाताऱ्याचं मन मोडा." सकाळी सूर्य उगवला तवा ते माज्याकडं बघत बसले. ते त्वांड मी अजून इसरले न्हाय. मरस्तोवर म्हणत राहिले, तुज्या बापानं मला फशिवलं.

पायलचं इचारलंस. अकरावीला तिला लई चांगले मार्क पडले. तिला जनावरांची डाक्टर व्हयाचंय. मेंढराला काय झालं की तीच औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचती. पण बारावीचं कालेज सुरू व्हयाची येळ आली तरी धनाजी तिचा एसटीचा पास काडंना. पलीकडच्या वस्तीवरची एक पोरगी कुणासंगं तरी पळून गेली. तवापासून आमच्याकडं सगळ्यांनी आपापल्या पोरी घरात घातल्यात. धनाजी माजं ऐकत न्हाय. तू त्याचा मामा हायस. तुजा शबुद त्याला मोडवत न्हाय. एकदा येऊन जा.

तुजी
केराआक्का

•

जुळे सोलापूर
१० जून

ती. आक्कास दंडवत.

तुझं पत्र म्हणजे खजिना आहे! "एका रातीचा तर सवाल हाय" हे वाचून मी खुर्चीतून पडायचा राहिलो. हास्य क्लबात वाचून दाखवलं तर एकजण म्हणाले, साहेब, हे तर तुम्ही रचलंय. मी म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे, आणि पुढं चाळीस वर्षं संसार केलाय त्यांनी. टाळ्या पडल्या. लेख जवळजवळ तयार आहे.

धनाजीला मी फोन केला होता. तू उगाच काळजी करतेस. तो म्हणाला, "मामा, पास काढायचाच आहे, पेरणीच्या गडबडीत राहिलं." बोलला अगदी नीट. माझी तब्येत विचारली, मामीच्या गुडघ्याचं विचारलं. आजकालची पोरं आपल्या अण्णांसारखी अडाणी नाहीत गं.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय, त्यामुळं आत्ता निघणं होत नाही. लेख छापून आला की अंक घेऊनच येतो. तुला वाचून दाखवतो. मोठ्यानं!

आणखी एक. त्या रात्री तू काय केलंस? म्हणजे दुनिया बुडायची वाट बघताना. तेवढं मिळालं तर लेखाला रंगत येईल.

तुझा,
सयाजी

•

खडकेवस्ती
१४ जून

चि. सयाजीस आशीर्वाद.

धनाजीनं तुला खोटं सांगितलं. तुज्या फोनच्या दुसऱ्याच दिशी जेऊरकडची मानसं पायलला बघून गेली. पोराची पिकप गाडी हाय, मेंढरं हायत. पोरगा वाईट दिसत न्हाय. पण पायलला अठरा बी पुरी न्हाईत. तिनं चहाचा ट्रे ठेवला आन गोठ्यात जाऊन बसली. मी गेले तर म्हणली, "आज्जी, तू कायतर कर की." मला ऐकू आलं न्हाय, पण तिच्या व्हटावरनं कळलं.

तू इचारलंस त्या राती मी काय केलं. सांगते. मी अण्णांना म्हणले, "सकाळी माजी शाळा हाय." त्यावर सगळे हसले. अण्णा बी हसले. गुरुजी आलते, ते एकटेच हसले न्हाईत. ते अण्णांना म्हणले, "पोर हुशार हाय, दोन वरसं थांबा." अण्णा म्हणले, "दोन वरसं कोण जगतंय, गुरुजी?" मग मला हळद लावली. यांच्याशेजारी बसवलं. मी वर बघत व्हते. सगळी वाडी पडू नये म्हणून देवाला हात जोडत व्हती, आन मी एकटीच म्हणत व्हते, पड रं बाबा, पड आता. आमच्यावरच पड.

न्हाय पडलं. आन ह्याच गोष्टीवर लोक अजून बी हसतात. हसू दे. तू बी लिव. मला राग न्हाय.

पण सयाजी, पायलला तुज्याकडं घेऊन जा. तुजा ऋतुराज पुण्याला नोकरीला गेला तशी त्याची खोली रिकामी हाय, तूच म्हणला व्हतास. बारावीचं एक वरीस तिथनं करंल. ती घरातली सगळी कामं करती, मामीचं ऑपरेशन झालं तरी तिलाच हात व्हईल. ह्या पत्राला उत्तर नको. तू ये.

केराआक्का

•

जुळे सोलापूर
१८ जून

ती. आक्कास दंडवत.

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप लागली नाही. त्या रात्रीचं तू लिहिलंस ते लेखात घालत नाही. ते हसण्यात बसत नाही.

पायलबद्दल. मी हिच्याशी बोललो. खोली तशी रिकामी आहे, पण ऋतुराजचं सामान आहे, तो सणावारी येतो. आणि आक्का, तरण्या पोरीची जबाबदारी घ्यायची म्हणजे सोपं नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर धनाजी मलाच धरणार. तू म्हणतेस तशीच पोरगी पळून गेल्याची उदाहरणं आहेत. मी नाही म्हणत नाही. थोडं थांब म्हणतो.

दुसरं म्हणजे अठरा पूर्ण नसताना लग्न लावायला कायद्यानं बंदी आहे. धनाजीला हे माहीत आहे, तो एवढा मूर्ख नाही. बघणं झालं म्हणजे लगेच लग्न होत नाही. आणि आता आषाढ तोंडावर आलाय, त्यात कोण लग्न करतं? तेरा तारखेचा लेख होऊ दे, हिचं ऑपरेशन होऊ दे, मी स्वतः येतो आणि धनाजीला समोर बसवून बोलतो. मामाचा शब्द आहे.

तुझा,
सयाजी

•

खडकेवस्ती
२४ जून

सयाजी,

तुजं पत्र काल दुपारी आलं. सकाळी पायलचं लगीन लागलं.

आषाढ लागायच्या आत उरकायचं म्हणून घाई केली. पोराच्या गावच्या देवळात लावलं. पत्रिका न्हाई, मांडव न्हाई, फोटो बी काडू दिले न्हाईत. घरची आन त्यांची मिळून दोन गाड्यांत बसतील एवडीच मानसं. मला सकाळी नवं लुगडं नेसायला दिलं तवा कळलं. मी वाटंला आडवी झाले. धनाजीनं मला उचलून गाडीत ठेवलं, हळूच, लागू न देता. तसा त्यो वाईट न्हाय.

पायल रडली न्हाय. तिनं दोनदा मागं वळून रस्त्याकडं बघितलं. मी तिला सांगितलं व्हतं, सोलापूरचा आजोबा येणार हाय.

मी धनाजीला इचारलं, मामाला का बोलावलं न्हाय? त्यानं माज्या कानाशी त्वांड आणून सांगितलं, "मामा आला असता तर त्यानं मोडलं असतं. मामाफुडं मला बोलाया आलं नसतं. म्हणून न्हाय बोलावलं."

एवडंच लिवते.

केरा

•

जुळे सोलापूर
२९ जून

आक्का,

काय लिहू? पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसलो. ही विचारत होती काय झालं, मी पत्रच तिच्या हातात दिलं.

मी पेपरच्या कचेरीत गेलो, म्हटलं माझा लेख परत द्या. तिथला पोरगा म्हणाला, "सर, पान लागलंय, चित्रकारानं चित्रपण काढलंय." चित्र दाखवलं. आकाशातून यान पडतंय आणि खाली मुंडावळ्या बांधलेला नवरा पळतोय. पोरगा म्हणाला, "आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडलाय." मी परत आलो.

आक्का, अजून एक मार्ग आहे. अशा लग्नाची तक्रार करता येते. मी चौकशी केली. मी तक्रार देतो, तू साक्ष देशील का? धनाजीवर गुन्हा होईल, पोराकडच्यांवरही होईल. तुला तुझ्या पोराविरुद्ध उभं राहावं लागेल. पण पायल सुटेल. खोली मी मोकळी करून घेतलीय. ऋतुराजचं सामान माळ्यावर टाकलं.

सयाजी

•

खडकेवस्ती
१५ जुलै

चि. सयाजीस आशीर्वाद.

तुज्या पत्राचं उत्तर लवकर दिलं न्हाय, कारण काय द्यावं ते कळत नव्हतं. आता देते. साक्ष देते. धनाजी माज्या पोटचा हाय, पण पायलनं मला "कर की" म्हटलेलं माज्या डोळ्याफुडनं जात न्हाय. पण आदी पायलला इचार. तिच्या मनात नसलं तर माज्यावानी तिला कुणी न इचारता कुटं बशिवलं, असं व्हायला नको.

आखाडाची ती म्हायेरी आलीया. अमावास्येपातूर हाय, मग न्यायला येणार.

तुजा लेख आला. धनाजीनं मोबाइलवर बघितला आन वस्तीवरच्या सगळ्यांना वाचून दावला. सगळे लई हसले. मी त्यांच्या त्वांडाकडं बघून कुटं काय आलं असंल ते वळखत व्हते. मामाचं पेपरात नाव आलं म्हणून धनाजीला लई कौतुक. मग पायलनं मोबाइल मागून घेतला आन एकटीनं लेख वाचला. वाचून झाल्यावर माज्याजवळ आली, माजी मान आपल्या खांद्यावर घेतली, आन बराच येळ बसली. हसली न्हाय, रडली बी न्हाय.

तू ये आता. लेखाचं नको सांगू, पायलचं इचार.

केराआक्का

•

खडकेवस्ती
२१ जुलै

चि. सयाजीस आशीर्वाद.

तू आलास, बरं वाटलं. धनाजीनं कोंबडं कापलं, तुज्या पाया पडला, तू कायच बोलला न्हाईस. मला वाटलं तू बोलशील. पण मी समजले, पायलला इचारल्याबिगर बोलायचं न्हाय असं तू ठरवलं असशील.

मग पायल तुला फाट्यावर सोडाया आली. मी दारातनं बघत व्हते. यष्टी येईपातूर तुमी दोगं बाभळीखाली उभं व्हता. तू बोलत व्हतास, मग ती बोलली, मग तू डोळ्याला रुमाल लावला. माजी नजर तितपातूर पोचती, पण व्हटं दिसत न्हाईत. ती घरी आल्यावर मी इचारलं तर म्हणली, आजोबांना इचार.

तर इचारते. काय म्हणली ती? मला खरं लिव. लेखावानी लिवू नको.

केराआक्का

•

जुळे सोलापूर
२५ जुलै

ती. आक्कास,
सयाजीचा दंडवत.

खरं लिहितो.

मी तिला सगळं सांगितलं. तक्रारीचं सांगितलं, तुझ्या साक्षीचं सांगितलं, खोली तयार आहे म्हणून सांगितलं. इथल्या कॉलेजात अजून प्रवेश मिळतो हेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, हुशार पोरं ऐकतात तसं. मग म्हणाली, "पप्पा जेलात गेले तर मम्मीनं आन बारक्यानं काय करायचं?" मी म्हटलं, त्याचं मी बघतो. ती बाभळीची साल नखानं काढत राहिली. मी म्हटलं, तू माझ्याकडं राहा. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्याकडं?" रागानं नाही गं, आक्का. एखाद्या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस विचारतो तसं. मग म्हणाली, "तवा आला असता तर मी आले असते, आजोबा. चपला घालून तयार व्हते."

मी विचारलं, तिकडची माणसं कशी आहेत? म्हणाली, "हायत." मी विचारलं, तो पोरगा? म्हणाली, "त्यो बी घाबरतो. त्याला बी एवढ्यात नको व्हतं." त्यांच्या कळपात दोन मेंढ्यांना खुरीचा रोग झाला होता, तिनं औषध सांगितलं, सासऱ्यानं आणलं नाही, मेंढ्या मेल्या. हे मात्र तिनं बराच वेळ सांगितलं. कोणतं औषध, किती द्यायचं, सगळं.

एसटी दिसली तेव्हा मी शेवटचं विचारलं, "तक्रार करू का नको?" तिनं मान हलवली. नको.

मी बसमध्ये चढलो, तेव्हा ती खिडकीशी आली. म्हणाली, "आज्जी तुमाला इचारंल. तिला सांगा, पायल सुखात हाय."

मी विचारलं, "आहेस का?"

म्हणाली, "तुमी तेवढंच सांगा."

काल अमावास्या झाली. आज तिला घेऊन गेले असतील.

तुझा,
सयाजी